इंग्रजीत तेच नाम पुन्हा पुन्हा नको: ‘वन’, ‘दॅट’, ‘इट’ आणि ‘सो’ नेमके कुठे वापरायचे

बाजारात ‘मोठे द्या, लहान नकोत’ म्हटलं की कांदेवाल्याला बरोबर कळतं. कांदा हा शब्द तोंडातून काढावाही लागत नाही, कारण ‘मोठे’मधल्या शेवटच्या मात्रेनेच लिंग आणि वचन सांगून टाकलेलं असतं. इंग्रजी विशेषणाला ही सोय नाही. एका कांद्यालाही ‘बिग’ आणि क्विंटलभर कांद्यांनाही ‘बिग’च. म्हणून ‘गिव्ह मी बिग’ हे वाक्य अधांतरी राहतं. नाम गाळलं तर त्याच्या जागी कुणीतरी बदलीवर बसवावं लागतं: ‘गिव्ह मी द बिग वन्स’.

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या या विषयाच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. मराठीत जागा रिकामी ठेवलेली चालते, कारण प्रत्यय काम करतात. इंग्रजीत ती भरावी लागते. मग कुणी मराठीच्या सवयीने जागा रिकामी सोडतो, तर कुणी धास्तीने प्रत्येक वेळी नाम जसंच्या तसं परत लिहितो. पहिल्याचं वाक्य चुकतं, दुसऱ्याचं बरोबर असूनही वाचवत नाही.

आधी नामं न टाळता लिहा

लिहिताना बदली शब्दांचा विचार करू नका. कच्चा मजकूर सगळी नामं ठेवून लिहा, मग पुन्हा आलेल्या नामांखाली रेघ मारा. दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराने परदेशी खरेदीदाराला लिहिलेली ही मेल घ्या:

‘वी हॅव पॅक्ड द ग्रेप्स इन फाइव्ह-किलो बॉक्सेस. द ग्रेप्स फ्रॉम द दिंडोरी प्लॉट आर स्वीटर दॅन द ग्रेप्स फ्रॉम द निफाड प्लॉट. यू आस्क्ड फॉर अ लॅब रिपोर्ट. वी विल सेंड अ लॅब रिपोर्ट टुडे. द ओल्ड बॉक्सेस वेअर वीक, सो वी हॅव बॉट स्ट्राँगर बॉक्सेस. यू ऑल्सो आस्क्ड अस टू चेंज द लेबल, अँड वी हॅव चेंज्ड द लेबल.’

व्याकरणाची चूक एकही नाही, पण वाचताना ठेच लागत राहते. ग्रेप्स तीनदा, बॉक्सेस तीनदा, रिपोर्ट दोनदा, लेबल दोनदा. यातलं प्रत्येक नाम वेगळ्या शब्दाने बदलावं लागणार आहे, आणि कोणत्या शब्दाने ते पुढच्या पायऱ्यांतून ठरेल. ही मेल शेवटी दुरुस्त करू.

तीच वस्तू, की त्या जातीची कुठलीही?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. तीच वस्तू असेल तर ‘इट’, अनेकवचनात ‘दे’ किंवा ‘देम’. त्या जातीची कुठलीही चालणार असेल तर ‘वन’.

‘आय लॉस्ट माय अंब्रेला. आय कान्ट फाइंड इट.’ इथे हरवलेलीच छत्री शोधतोय. ‘आय लॉस्ट माय अंब्रेला. आय मस्ट बाय वन.’ इथे दुकानातली कोणतीही. दुसऱ्या वाक्यात चुकून ‘इट’ घातलं तर स्वतःची हरवलेली छत्री विकत घ्यायला निघाल्यासारखं होतं.

आता मेलमधला रिपोर्ट. ‘अ लॅब रिपोर्ट’ मागितला असेल, म्हणजे एखादा तपासणी अहवाल, तर ‘वी विल सेंड वन टुडे’. पण या मालाचा ठरावीक अहवाल तयार असून त्याचीच मागणी असेल, तर आधी ‘द लॅब रिपोर्ट’ आणि मग ‘वी विल सेंड इट टुडे’. आधीच्या वाक्यात ‘अ’ आहे की ‘द’, हे पाहिलं की बरंचसं कळतं, पण डोळे झाकून त्यावर विसंबू नका. ‘आय बॉट अ बाइक अँड सोल्ड इट’ यात ‘अ’ असूनही ‘इट’च येतं, कारण विकली तीच बाइक.

‘इट’च्या बाबतीत आपल्याकडे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे ‘इट’ गाळणं. ‘फाइल आणलीस का?’ ‘हो, आणली.’ यात ‘आणली’मधल्या ‘ली’नेच फाइल सांभाळली. म्हणून ‘डिड यू ब्रिंग द फाइल?’ला ‘येस, आय ब्रॉट’ असं उत्तर जातं. हवं ते ‘येस, आय ब्रॉट इट’ किंवा सरळ ‘येस, आय डिड’. दुसरी, लिंगाची. गाडी ती, खुर्ची ती, म्हणून ‘शी’. ट्रक तो, म्हणून ‘ही’. निर्जीव वस्तूला नेहमीच्या लिखाणात ‘इट’च. तिसरी चूक याच्या उलट टोकाची, आणि थोडंफार इंग्रजी येणाऱ्यांची: ‘द टेम्पो व्हिच वी हायर्ड इट येस्टरडे’. ‘व्हिच’ने टेम्पोची जागा आधीच घेतली आहे. एका खुर्चीवर दोघांना बसवू नका, ‘इट’ काढा. ‘द बस इट केम लेट’ यातही तेच.

मोजता येतं का?

‘वन’ फक्त मोजता येणाऱ्या नामांसाठी. दूध, पाणी, तांदूळ, माहिती, सल्ला, फर्निचर, सामान ही इंग्रजीच्या हिशोबात मोजता न येणारी नामं, त्यांच्या बदली ‘वन’ बसत नाही. ‘आय लाइक हॉट मिल्क, नॉट कोल्ड वन’ चूक. ‘आय लाइक हॉट मिल्क, नॉट कोल्ड’ बरोबर. इथे मराठीसारखीच जागा मोकळी सोडायची, हा एक गमतीचा अपवाद. थोडंसं, काही असं म्हणायचं असेल तर ‘सम’: ‘देअर इज नो मिल्क. आय विल ब्रिंग सम.’ प्रश्नात आणि नकारात बहुधा ‘एनी’: ‘वी डोन्ट हॅव एनी’.

फर्निचर आणि इन्फर्मेशनवर मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर खुर्च्या आणि मुद्दे असतात, म्हणजे मोजता येतील असं वाटतं. ‘धिस इन्फर्मेशन इज ओल्ड, सेंड न्यू वन’ असं न लिहिता ‘सेंड द लेटेस्ट इन्फर्मेशन’ लिहा. नाम पुन्हा आलं तरी हरकत नाही.

‘वन’च्या आजूबाजूला काय चालतं

हा भाग सावकाश वाचा. ‘वन’ माहीत नसतं असं नाही, त्याच्या आधी काय ठेवायचं हे चुकतं.

‘अ’ एकटा ‘वन’ला जोडता येत नाही. ‘डू यू हॅव अ वन?’ चूक, ‘डू यू हॅव वन?’ बरोबर. मधे विशेषण आलं की ‘अ’ परत येतो: ‘डू यू हॅव अ स्मॉलर वन?’

‘वन्स’ तर एकटा उभाच राहत नाही. ‘आय नीड क्रेट्स. डू यू हॅव वन्स?’ हे चालत नाही. तिथे ‘डू यू हॅव एनी?’ किंवा ‘सम’. ‘वन्स’ला आधी ‘द’ नाहीतर विशेषण लागतं: ‘द वन्स ऑन द टॉप’, ‘एम्प्टी वन्स’.

आकड्यानंतर ‘वन्स’ नको. ‘आय बॉट फाइव्ह क्रेट्स, बट टू वेअर ब्रोकन.’ ‘टू वन्स’ नाही. पण विशेषण मधे आलं की चालतं: ‘टू ब्रोकन वन्स’. ‘सम’, ‘एनी’, ‘बोथ’, ‘सेव्हरल’ यांनाही हाच नियम.

मालकी दाखवताना ‘माय वन’, ‘युअर वन’ टाळा. ‘माइन’, ‘युअर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ हे शब्द त्यासाठीच आहेत. ‘युअर प्लॉट इज बिगर दॅन माइन.’ नावाला ‘एस’ जोडला तर तेवढं पुरे: ‘धिस इज नॉट माय हेल्मेट, इट्स सागर्स’. विशेषण आलं की इथेही ‘वन’ बसतो: ‘माय ओल्ड वन’.

‘धिस वन’, ‘दॅट वन’, ‘व्हिच वन’, ‘द नेक्स्ट वन’ बिनधास्त वापरा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर त्र्यंबकची एसटी भरून गेली तर ‘धिस बस इज फुल, लेट्स टेक द नेक्स्ट वन’. ‘दीज वन्स’ बोलताना खूप ऐकू येतं. लिहिताना नुसतं ‘दीज’ जास्त नीटस.

‘वन ऑफ’ हा बदली शब्द नसून आकडाच आहे, पण त्यावर चूक इतकी होते की सांगून टाकावं: पुढचं नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘वन ऑफ द क्रेट्स इज ब्रोकन.’

तुलना: इथे ‘दॅट’ आणि ‘दोज’

‘नाशिकचं हवामान जळगावपेक्षा थंड आहे’ हे मराठीत अगदी स्वाभाविक. तेच इंग्रजीत नेलं, ‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज कूलर दॅन जळगाव’, की तुलना हवामानाची गावाशी झाली. हवामान हवामानाशीच तोललं पाहिजे: ‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज कूलर दॅन दॅट ऑफ जळगाव’. स्पर्धा परीक्षांत ‘चूक ओळखा’ प्रकारच्या प्रश्नांत हा सापळा वारंवार दिसतो.

नियम असा: मागच्या नामाची बदली करायची आहे आणि लगेच पुढे ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘इन’, ‘ॲट’ अशी जोड आहे, तर एकवचनी नामाला ‘दॅट’, अनेकवचनी नामाला ‘दोज’. मोजता न येणाऱ्या नामालाही ‘दॅट’ चालतो, ‘वन’ला तिथे मज्जाव होता.

‘द बेदिंग प्लेस ॲट नाशिक इज रामकुंड, दॅट ॲट त्र्यंबकेश्वर इज कुशावर्त.’ ‘द कुंभ ॲट नाशिक इज हेल्ड ऑन द गोदावरी, दॅट ॲट उज्जैन ऑन द शिप्रा.’ ‘द सिंहस्थ ऑफ २०२७ कम्स ट्वेल्व्ह इयर्स आफ्टर दॅट ऑफ २०१५.’ अनेकवचन असेल तर ‘द ओनियन्स फ्रॉम लासलगाव आर रेडर दॅन दोज फ्रॉम द अदर मार्केट’. वचन नेहमी मागच्या नामाचं पाहायचं, पुढच्या गावाचं नाही. ‘ओनियन्स’ अनेकवचनी असताना ‘दॅट फ्रॉम’ लिहिणं ही इथली नेहमीची चूक.

या ‘दॅट’च्या आधी ‘द’ किंवा विशेषण येत नाही. विशेषण हवं असेल तर ‘वन’कडे परत या: ‘द ओल्ड वन ॲट उज्जैन’. माणसासाठी एकवचनात ‘दॅट हू’ नको, ‘द वन हू’ लिहा. अनेकवचनात ‘दोज हू’ उत्तम: ‘दोज हू हॅव पेड मे लीव्ह’.

‘दॅट ऑफ’ जड वाटत असेल तर सोपी वाट आहे: ‘नाशिक्स क्लायमेट इज कूलर दॅन जळगाव्ज’. रोजच्या मेलला हीच बरी.

अख्ख्या क्रियेची किंवा वाक्याची बदली

नामापुरतं हे झालं. कधी पूर्ण क्रियाच पुन्हा येते. ‘दे आस्क्ड अस टू साइन द फॉर्म अँड वी साइन्ड द फॉर्म’ याऐवजी ‘अँड वी डिड सो’. बोलण्यात ‘अँड वी डिड’ पुरतं. ‘डू सो’ला थोडा कागदी वास आहे, तो औपचारिक पत्रात शोभतो. मात्र ‘डू सो’ करण्याच्या क्रियांसाठी. आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं या स्थितींना तो लागत नाही. ‘शी लाइक्स मिसळ अँड आय डू सो’ असं नाही, ‘अँड सो डू आय’.

‘मलाही’ म्हणताना ‘मी ऑल्सो’ तोंडात येतं. मागच्या वाक्यातलं सहायक क्रियापद उचला आणि ‘सो’ पुढे ठेवा: ‘आय ॲम टायर्ड’ला ‘सो ॲम आय’, ‘आय कॅन स्विम’ला ‘सो कॅन आय’. नकार असेल तर ‘नायदर’: ‘आय डोन्ट ड्रिंक टी’ला ‘नायदर डू आय’.

‘असं वाटतं’साठी ‘आय थिंक सो’, ‘अशी आशा आहे’साठी ‘आय होप सो’. नकारात दोघांची वाट फुटते: ‘आय डोन्ट थिंक सो’ बरोबर, पण ‘आय डोन्ट होप सो’ नाही, ‘आय होप नॉट’. ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ हाही त्याच रांगेतला, विनम्र नकाराला फार उपयोगी. ‘नो’ (माहीत असणं) आणि ‘शुअर’ला ‘सो’ जोडू नका. ‘आय नो’, ‘आय ॲम शुअर’ एवढंच.

ऑफिसातला ‘द सेम’

सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत एक वाक्य सगळीकडे फिरतं: ‘काइंडली चेक द सेम अँड कन्फर्म द सेम’. ‘सदर’ची सवय असलेल्या हाताला ते रुबाबदार वाटतं. पण बाहेरच्या वाचकाला ‘द सेम’ म्हणजे ‘तशीच दुसरी वस्तू’ वाटू शकते. ‘शी ऑर्डर्ड मिसळ अँड आय ऑर्डर्ड द सेम’ यात मिसळीच्या प्लेटी दोन आहेत. ठरावीक कागदाबद्दल बोलताना ‘इट’ किंवा ‘देम’ लिहा: ‘प्लीज चेक द इनव्हॉइस अँड कन्फर्म इट’. ‘मायसेल्फ’चंही तसंच. ‘मॅनेजर अँड मायसेल्फ विल अटेंड’ नको, ‘द मॅनेजर अँड आय विल अटेंड’.

‘फॉर्मर’ आणि ‘लॅटर’ची जोडी शक्यतो वापरू नका. वाचकाला मागे जाऊन कोण पहिलं, कोण दुसरं हे शोधावं लागतं. वापरायचीच असेल तर गोष्टी दोनच असाव्यात, तीन नाहीत. आणि ‘लॅटर’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’. एक लिहिला की ‘नंतर’ होतं.

कुठे बदली शब्द घालूच नये

मशीनवर चिकटवलेली सूचना पाहा: ‘रिमूव्ह द बेल्ट फ्रॉम द पुली अँड क्लीन इट’. बेल्ट पुसायचा की पुली? मराठीत ‘तो पुसा’ किंवा ‘ती पुसा’ म्हटलं की प्रश्न मिटतो, कारण बेल्ट तो आणि पुली ती. इंग्रजीत दोन्ही ‘इट’. अशा जागी नाम पुन्हा लिहायचं: ‘अँड क्लीन द पुली’. सूचना, करार, औषधाच्या मात्रा, पत्ते यांत पुनरुक्ती हा दोष नाही. नियम एवढाच ठेवा: ‘इट’च्या मागे लगतच्या वाक्यात दोन एकवचनी वस्तू असतील आणि अर्थावरून कोणती ते ठरत नसेल, तर बदली रद्द.

माणसांचंही असंच. ‘सुपरवायझरने ऑपरेटरला आपली गाडी दिली’ आणि ‘त्याची गाडी दिली’ यांत मराठीला फरक कळतो. इंग्रजीत दोन्हींचं ‘हिज बाइक’. गाडी देणाऱ्याचीच आहे हे सांगायला ‘हिज ओन बाइक’ करा, नाहीतर ‘द ऑपरेटर्स बाइक’.

वाक्याच्या सुरुवातीला नुसतं ‘धिस’ ठेवणंही धोक्याचं. ‘धिस कॉज्ड अ लॉस’ यातलं ‘धिस’ म्हणजे पाऊस, उशीर की भाव? ‘धिस डिले’ असं नाम जोडलं की संपलं. परिच्छेद बदलला की पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाम द्या. मागच्या परिच्छेदातल्या वस्तूला ‘इट’ म्हणत नवा परिच्छेद सुरू करू नका.

आणखी एक सवय शाळेतल्या निबंधांतून येते: सर्वनाम टाळून समानार्थी शब्दांची रांग लावणं. टेम्पोला पुढच्या वाक्यात ‘व्हेईकल’ आणि त्यापुढे ‘कॅरिअर’ म्हटलं की वाचक तीन गाड्या मोजतो. त्यापेक्षा ‘इट’ शंभर पट चांगला.

मेल दुरुस्त करू

‘वी हॅव पॅक्ड द ग्रेप्स इन फाइव्ह-किलो बॉक्सेस. द ग्रेप्स फ्रॉम द दिंडोरी प्लॉट आर स्वीटर दॅन दोज फ्रॉम निफाड. यू आस्क्ड फॉर अ लॅब रिपोर्ट. वी विल सेंड वन टुडे. द ओल्ड बॉक्सेस वेअर वीक, सो वी हॅव बॉट स्ट्राँगर वन्स. यू ऑल्सो आस्क्ड अस टू चेंज द लेबल, अँड वी हॅव डन सो.’

दुसऱ्या वाक्यात पहिलं ‘द ग्रेप्स’ मुद्दाम ठेवलं आहे. तिथेही ‘दोज’ घातला असता तर तो बॉक्सेसचा की ग्रेप्सचा, अशी शंका आली असती, कारण ‘बॉक्सेस’ अगदी शेजारी बसलेत. बदलल्यावर अशी प्रत्येक जागा एकदा तपासा: बदली शब्द काढून मूळ नाम परत घाला. अर्थ तोच राहिला आणि दुसरं कुठलं नाम तिथे अर्थपूर्णपणे बसत नसेल, तर बदली पक्की.

सरावासाठी

ही पाच वाक्यं आधी स्वतः बदला, मग उत्तरं पाहा.

१. ‘माय फोन इज ओल्ड. आय वाँट अ न्यू फोन.’
२. ‘माय आंट वेंट टू येवला टू बाय अ पैठणी. शी बॉट टू पैठणीज.’
३. ‘द रोड टू त्र्यंबक इज बिझिअर दॅन द रोड टू पेठ.’
४. ‘वी हॅव नो राइस. प्लीज बाय राइस.’
५. ‘द डॉक्टर टोल्ड द पेशंट दॅट द डॉक्टर वुड बी लेट.’

पहिल्यात ‘अ न्यू वन’. दुसऱ्यात नुसतं ‘शी बॉट टू’. ‘टू वन्स’ लिहिलं असेल तर आकड्यांचा नियम पुन्हा पाहा. तिसऱ्यात ‘दॅन दॅट टू पेठ’, बोलताना ‘दॅन द वन टू पेठ’. रस्ता मोजता येतो, म्हणून दोन्ही चालतात. चौथ्यात ‘प्लीज बाय सम’. पाचव्यात ‘ही’ किंवा ‘शी’ घातलं की उशीर डॉक्टरांना होणार की पेशंटला, ते कळेनासं होतं. तिथे बदली शब्द नको. वाक्य खटकतच असेल तर ते मोडून डॉक्टरांचे शब्द अवतरणात द्या: ‘द डॉक्टर टोल्ड द पेशंट, “आय विल बी लेट.”’